मोठ्या सिस्टरचं बीपी

हृदयरोगाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला पोरी मागून ‘फौजदार’ म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! मीठ कमी करा, रोज चाला, वेळेवर झोपा, असं ती पेशंटला दरडावून सांगायची. आणि स्वतः? वर्षानुवर्षं रात्रपाळ्या, उभ्या उभ्या चहा-बिस्किटं, कंबरेचा वाढत गेलेला घेर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

नव्या नर्सने बीपी मोजायला मोठ्या सिस्टरच्याच हातावर शिकायचं, अशी तिथली रीत. अलीकडे प्रत्येकीला वरचा आकडा भलताच मोठा यायचा आणि प्रत्येकीला बोलणी बसायची. “पट्टा सैल बांधलास! कान कुठे आहेत तुझे?” मग पोरगी बिचारी घाबरून बरासा आकडा सांगून मोकळी व्हायची.

बाईला कळत नव्हतं थोडंच! पण खरं बाहेर आलं असतं, तर तिला वॉर्डातून उचलून स्टोअरमध्ये चादरी मोजायला बसवलं असतं. आणि वॉर्ड गेल्यावर तिला उरलं काय असतं? नवरा केव्हाच गेला. मुलगा लांब, फोनवर “बरी आहेस ना? ठेवतो मग,” एवढंच. सुट्टीच्या दिवशी दूधवाला सोडला तर कुणाशी शब्द बोलणं नाही. घर नुसतं खायला उठायचं.

त्या सकाळी नव्या मुलीला आकडा आला दोनशेच्या वर.

“पुन्हा मोज,” सिस्टर खेकसली.

“तेवढाच येतोय, सिस्टर.”

“पट्टा सैल आहे!”

बोलता बोलता सिस्टरच्या जबड्यात कळ उठली, छाती आवळून आली. पेशंटला असं झालं असतं तर ती धावत सुटली असती. स्वतःला म्हणाली, पित्त असेल.

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “मलाच नीट ऐकू येत नसेल. उद्यापासून नाही येत मी, सिस्टर. माझ्या चुकीने कुणी गेलं तर?”

सिस्टरने हातावरचा पट्टा स्वतःच सोडला. चांगले कान होते पोरीचे.

“तुझं बरोबर आहे,” ती म्हणाली. “आधीच्या सगळ्यांचंही बरोबर होतं. जा, डॉक्टरांना बोलाव. छातीत दुखतंय म्हणावं.”

मुलगी पळाली. परत आली ती डॉक्टरांना घेऊनच. सिस्टरला तिच्याच वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर निजवलं, छातीला वायरी लावल्या.

“घरी कुणाला कळवू, सिस्टर?” मुलीने विचारलं.

सिस्टर तिचा हात धरून म्हणाली, “ड्युटी संपल्यावर जरा थांबशील का गं?”