रजिस्टरचं शेवटचं पान

माझा मामा बाइंडर. चाळीस वर्षं त्याने लोकांची पुस्तकं आणि वह्या शिवल्या आणि त्यातलं एकही पान वाचलं नाही, हे तो स्वतःच अभिमानाने सांगतो. "वाचत बसलो असतो तर शिवलं कुणी असतं?" आम्ही भाचरं त्याला डिंकमामा म्हणतो. खरं तर डिंकाला त्याने कधी हात लावला नाही. तो मैद्याची खळ शिजवायचा, आणि त्या पातेल्याला मामीने हात लावलेला त्याला खपत नसे.

दुकान बंद केल्यावर तो घरात नुसता येरझाऱ्या घालू लागला. मामीने वैतागून त्याला आपल्या आईच्या हवाली केलं. मामीची आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिला आम्ही सगळे आजी म्हणतो. तिने जावयाला काम दिलं. तिच्या आईच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायची.

त्यामागे जुनं दुखणं होतं. आजीच्या आईचं लग्न सासरच्या गावातल्या चर्चमध्ये झालं. बाप्तिस्म्याचा कागद मिळाला नाही म्हणून दोन साक्षीदारांच्या शब्दावर भागवलं. नणंदांना तेवढं पुरलं. कागद नाही म्हणजे ही त्या घरची नाहीच, कुठून तरी उचलून आणलेली, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि जन्मभर ऐकवलं. आजीने लहानपणापासून ते ऐकलं होतं.

"आई गेली बिचारी," आजी मामाला म्हणाली. "पण मी कुणाची नात, एवढं तरी मला कळू दे. तुम्हाला कागदातलं कळतं."

मामाला कागदातलं कळत होतं, कागदावरचं नाही. तरी तो गेला. तीन महिने रोज सकाळी चष्मा आणि डबा घेऊन तो गावातल्या, म्हणजे आजीच्या आईच्या माहेरच्या, चर्चच्या ऑफिसात जात होता. तिथल्या कारकूनबाईंनी त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, पेन्सिल दिली आणि पेन वापरायचं नाही अशी तंबी दिली. ज्या वर्षी आजीची आई जन्मली असं घरात म्हणत, ते साल, त्याच्या आधीची तीन आणि नंतरची तीन त्याने ओळ न् ओळ पाहिली. फादरांचं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग. एक नाव जुळायचं तर बाप वेगळा. बाप जुळला तर मुलगा निघायचा. घरी आला की आजी दारातच विचारायची, "सापडली?" आणि मामा चप्पल काढण्यात उगाच वेळ घालवायचा.

शेवटी वाचून वाचून तो कंटाळला आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं. पानं मोजली.

वही आठ-आठ पानांचे जुज, म्हणजे दुमडलेले गठ्ठे, शिवून बनते. त्या सालांच्या रजिस्टरच्या शेवटच्या जुजात सातच पानं भरली. आठवं कुठे गेलं म्हणून त्याने मागचा पुठ्ठा चाचपला. आठवं पान तिथेच होतं. पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं, अस्तर म्हणून. आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, बारीक आकड्यात एक साल लिहिलेलं होतं. शिवलेल्या प्रत्येक वहीवर असं साल लिहायची सवय गावात एकाच बाइंडरला होती.

मामाला पुन्हा शिवायला आलेली ती जुनी वही आठवेना. दिवसाला तीन-चार वह्या व्हायच्या, आठवणार कशी! पण काय झालं असेल ते त्याला लख्ख दिसलं. "सत्तावीस वर्षांचा मी, मला घाई, शेवटचं पान एका बाजूने कोरं, दुसऱ्या बाजूने काहीतरी उलटंपालटं खरडलेलं. कुणीतरी टाक चालवून पाहिला असेल, असं म्हणून मी ते खळीत दाबलं." हे त्याने मला नंतर सांगितलं.

पान सोडवायला दोन दिवस लागले. ओला टीपकागद, वर वजन, मग हाडाच्या पट्टीने केसाकेसाने उचलायचं. हल्लीचा पांढरा गोंद असता तर पान गेलंच असतं. खळ होती म्हणून सुटलं. आत खरड नव्हती. फादरांनी वही उलटी धरून मागून वेगळी यादी लिहिली होती, घरीच घाईने दिलेल्या बाप्तिस्म्यांची; आजीच्या आईच्या लग्नाच्या वेळीही वही मागून उघडून कुणी पाहिली नसणार. मूल जगेलसं वाटत नसलं की सुईणच पाणी घालायची, तसल्यांची. सहावी ओळ अशी होती: मुलगी, बापाचं नाव, आईचं नाव, दोन्ही अगदी आजी सांगते तशीच. जगण्याची आशा नाही. आणि समोर, वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं: जगली.

कारकूनबाईंनी शिक्का मारून नक्कल दिली. "दमटपणाने पान चिकटलं होतं, असंच लिहिते मी," त्या म्हणाल्या. मामाने नक्कल घडी करून खिशात ठेवली.

घरी जाण्याआधी तो माझ्याकडे आला आणि सांगू की नको, असं विचारलं. मी म्हटलं, गप्प बस. म्हाताऱ्या बाईला आनंद दे आणि मोकळा हो. अशा बाबतीत मी फार व्यवहारी आहे. त्याने मान हलवली. मला वाटलं, पटलं. मग आम्ही दोघं मिळून घरी निघालो.

आजीने त्याच्याकडून नक्कल दोनदा वाचून घेतली. 'आशा नाही'ला ती खळखळून हसली. "आशा नाही म्हणे! चौऱ्याहत्तर वर्षं जगली, सात पोरं वाढवली." 'जगली'ला तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "आणि पान मेलं दमटपणाने पुठ्ठ्याला चिकटतं होय? चिकटवलं कुणी?"

"मी," मामा म्हणाला.

मी कपाळाला हात लावला.

"कधी?"

"आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी."

आजीने बोटांवर हिशेब केला. "तुमच्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी आई त्या ऑफिसात गेली होती," ती म्हणाली. "एकटीच. मी हे कुणाला बोलले नाही. नातीच्या लग्नाला नणंदा येणार, त्यांच्यापुढे कागद टाकते म्हणाली. आली हात हलवत."

"पण तुमच्या आई लग्नाला आल्याच नाहीत," मामा म्हणाला. "पाय सुजलेत, असा निरोप होता. मला वाटलं, बाइंडर जावई पसंत नाही."

"पायाला काही झालं नव्हतं तिच्या."

मामी दारात उभी होती. आपली आजी आपल्या लग्नाला आली नाही, हे ती चाळीस वर्षं मनात धरून होती. मामाने कागद आजीच्या हातात द्यायला पुढे केला. आजीने तो घेतला नाही.

"तिला द्या," ती मामीकडे बोट करून म्हणाली. "लग्नाला यायची राहिली होती ना तिची आजी."

मामाने दिला. देताना त्याला मान वर करता आली नाही.