अर्धी राहिलेली लदीन

देव कोणाच्या बाजूचा असतो? ज्यांच्या घरात पियानो असतो त्यांच्या, की ज्यांच्या घरात नसतो त्यांच्या? हसू नका. पापडीच्या चर्चमध्ये भर दुपारी रिकाम्या बाकावर बसून मी हा प्रश्न खरोखर विचारला होता, आणि हात जोडून विचारला नव्हता. भांडायला आल्यासारखा विचारला होता.

मी मुंबईजवळच्या सांडोर गावची, तिथल्या ख्रिस्ती वस्तीतली. माझे डॅडी शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. गावातली बावखलं, म्हणजे आमची गोड्या पाण्याची तळी, बुजवू नका. विहिरीचं पाणी टँकरला विकू नका. वाड्या तोडून टॉवर उभे करू नका. इतर मुलं गोष्टीच्या पुस्तकांतून वाचायला शिकली, मी या पत्रकांतून शिकले. डॅडींचा एकच नियम होता. खाली आपलं नाव घालायचं असेल तर वरचा प्रत्येक शब्द खरा पाहिजे. जवळजवळ खरं असलेल्याला ते सरळ खोटं म्हणायचे. मम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ते लिहितात, मी वाजवते.

वाजवते म्हणजे काय, हे गावात कोणाला सांगता येत नाही. लहानपणापासून मी चर्चच्या गायनमंडळात कीबोर्डवर होते. पुढे मुंबईत एका सरांकडे पियानो शिकले आणि आता तिथल्याच एका संगीतशाळेत मुलांना शिकवते. त्या मुलांच्या घरी पियानो आहेत. माझ्या घरी विजेवर चालणारा आहे, आणि शेजारच्यांना त्रास नको म्हणून मी तो हेडफोन लावून वाजवते. मला कानात सगळा समुद्र ऐकू येत असतो, आणि बाहेर बसलेल्या डॅडींना फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक. एकदा ते म्हणाले होते, "तू वाजवतेस तेव्हा घरात कोणीतरी टायपिंग करतंय असं वाटतं." गमतीत म्हणाले, पण मला ते लागलं. ज्या गोष्टीला मी माझी सगळी वर्षं दिली, ती माझ्या सख्ख्या बापाला ऐकू येत नव्हती.

त्यात माझ्या वाजवण्यात एक खोड होती. सरांनी ती पहिल्याच महिन्यात पकडली. "तू प्रत्येक ओळीनंतर किंचित थांबतेस. कोणाची वाट बघतेस? इथे कोणी गाणार नाहीये." मला लगेच कळलं हे कुठून आलंय ते. आमच्याकडे क्रूसापुढे किंवा घरी लदीन होते, म्हणजे मारियामातेची लितानी. एक जण मातेचं एकेक नाव घेतो आणि बाकीचे उत्तर देतात, "आम्हांसाठी विनंती कर." पेटीवर बसलेल्यानं शेवटचा म्हातारा उत्तर देऊन संपेपर्यंत सूर धरून ठेवायचा असतो. मी वर्षानुवर्षं असा सूर धरला होता. ती थांबायची सवय बोटांत मुरली होती, आणि मोठ्या रचनेत ती चूक होती. ती मोडायला म्हणून मी गायनमंडळ सोडलं. फादर म्हणाले, "अगं, देवाच्या सेवेतून कोणी रिटायर होतं का?" मी म्हटलं, "फादर, देवाला ताल कळत असेल तर तो समजून घेईल." मंडळातल्या मैत्रिणी हसल्या, पण नंतर त्यांनी मला बोलवणंच सोडून दिलं. रविवारी मिस्सेला मी मागच्या बाकावर एकटी बसायला लागले. मग तेही सोडलं.

आणि मग मी त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं ठरवलं. माझ्या वयोगटाला ती शेवटचीच संधी होती. पहिल्या फेरीसाठी चित्रफीत पाठवायची होती. खरा, तारांचा पियानो; एका दमात वाजवलेलं; कुठे कापलेलं-जोडलेलं नाही; खोलीत दुसरा कुठलाही आवाज नाही. संगीतशाळेनं मला हॉल आणि तिथला पियानो द्यायचं कबूल केलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी पोहोचले तर हॉलमध्ये कोणाच्या तरी सत्काराच्या खुर्च्या मांडल्या होत्या. "तू काय, उद्या कर ना," ऑफिसातली बाई म्हणाली. उद्या नव्हताच.

परत येताना घरी जायचं तोंड नव्हतं, म्हणून शेजारच्या पापडीलाच उतरले आणि चर्चमध्ये शिरले. तिथे वर लिहिलेला तो प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. डॅडींचा फोन आला. मी दबक्या आवाजात ओरडले, "आता पियानो कुठून आणू? वेदीवरून?" फोन ठेवला तर वेदीजवळ फुलदाण्यांतली सुकलेली फुलं काढणारी एक बाई माझ्याकडे बघत होती. मी तिला ओळखत नव्हते.

"बाय, पेटी पायजे का तुला?"

"पेटी नको मावशी. पियानो."

"तीच ती. आमच्या फिलूमावशीकडं हाय ना."

आमच्या भागात पट्ट्या असलेल्या प्रत्येक वाद्याला पेटी म्हणतात. मला वाटलं, हिच्या मावशीकडे भजनाची बाजाची पेटी असेल. मी नको म्हणून उठले. ती चिडली. "अगे, मांडीवर घेतात ती नाय! उभी हाय, कपाटासारखी. ती आणली तेव्हा दाराची चौकट काढायला लागली होती. तिचा घरवाला सिनेमावाल्यांकडं वाजवायचा. तो गेला, पेटी रायली." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "रडून झालं असंल तर चल."

मी तिच्या मागे निघाले. विश्वासानं निघाले असं म्हणणार नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून निघाले. चर्चमागच्या वाटेनं, चिकूच्या झाडांतून, एका कौलारू घरापाशी आलो. आतल्या खोलीत पलंगावर खूप म्हातारी बाई पडून होती. ऐकू कमी येत असावं, कारण चर्चमधल्या त्या बाईनं तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "पोरगी आलीय! वाजवायला!" फिलूमावशींनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांचा मुलगा परदेशात असतो, पण बापाची आठवण म्हणून दर नाताळाआधी माणूस पाठवून पियानो सुरात लावून घेतो, असं त्या बाईनं सांगितलं आणि संध्याकाळी येते म्हणून ती निघून गेली. पियानो बाहेरच्या खोलीत होता. मी झाकण उघडलं. वरची एक पट्टी दमट हवेनं चिकटत होती. बाकी सगळा पियानो जिवंत होता.

घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, संत अंतोनीच्या पुतळ्याला टेकवून मी फोन उभा केला आणि वाजवायला बसले. पहिली रचना झाली. दुसरी संथ होती, आणि तिथेच मला भीती होती. सुरुवातीच्या काही ओळी बऱ्या गेल्या. मग एका ओळीच्या शेवटी माझं डोकं कोरं झालं. पुढचे सूर कुठले, हात कुठे न्यायचा, काहीच आठवेना. वर्षभर पाठ असलेली गोष्ट पुसली गेली. मी नुसता सूर धरून बसले. तो हळूहळू विरत चालला होता. त्या क्षणी मला जितकं एकटं वाटलं तितकं मम्मीच्या मातीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आणि आतून आवाज आला. कापरा, घोगरा, पण ठाम.

"आम्हांसाठी विनंती कर."

माझे हात पुढे सरकले. मी त्यांना सरकवलं नाही, एवढंच सांगू शकते. पुढची ओळ आली, तिच्या शेवटी मी थांबले, आणि पुन्हा आतून उत्तर आलं. मग त्या खोलीत माझी भीती राहिली नाही, स्पर्धाही राहिली नाही. मी एक ओळ म्हणत होते आणि कोणीतरी तिला उत्तर देत होतं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

शेवटचा सूर संपल्यावर भानावर आले. चित्रफितीत तो आवाज स्पष्ट होता. मी पुन्हा एकदा सगळं वाजवलं. फिलूमावशींना तोवर झोप लागली होती. दुसरी चित्रफीत बिनचूक झाली, आणि थंडगार. माझा मावसभाऊ आवाजाची कामं करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "पहिलीच पाठव. म्हातारीला उडवतो मी. कोणाच्या बापाला कळणार नाही." माझ्या बापाला कळलं असतं, हे मी त्याला बोलले नाही. काहीही कापलेलं नाही, या वाक्याखाली मला माझं नाव घालायचं होतं. बिनचूक चित्रफीत पाठवली असती तर नियमात बसली असती, पण ती मी नव्हते. मी पहिली पाठवली, जशी होती तशी, त्या आवाजासकट. पाठवताना आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आता तुझं तू बघ.

पुढे उत्तर आलं. माझी निवड झाली नव्हती. कारण दिलेलं नव्हतं. आवाजामुळे झालं की माझ्याचमुळे, मला माहीत नाही. डॅडींना सांगितलं. ते म्हणाले, "मला ऐकव तरी, काय पाठवलंस ते." मी हेडफोन काढले आणि मोठ्यानं लावलं. फिलूमावशींचा आवाज आला तसे ते चमकले, आणि पुढच्या ओळीला, पत्रकांवरून वर्षानुवर्षं चर्चशी वाद घालणारे माझे डॅडी, त्यांच्याबरोबर पुटपुटले.

मी फिलूमावशींचे आभार मानायला पापडीला गेले. मनात थोडा रागही होता, खोटं कशाला सांगू. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलीस? त्या दिवशी लदीन अर्धी सोडून गेलीस ती."

"मावशी, लदीन नव्हती ती. मी स्पर्धेसाठी..."

"काय?"

"स्पर्धा! स्पर्धा!"

"हां, प्रार्थना," त्या समाधानानं म्हणाल्या. "आमचा माणूस गेला, पोरगा लांब. मी रोज म्हणते, पण एकटीनं लदीन होत नाय गे बाय. नाव पण मीच घ्यायचं, उत्तर पण मीच द्यायचं. त्या दिवशी कोणीतरी धरली म्हणून बरं वाटलं. मी मातेला म्हटलं, उशिरा का होईना, पाठवलंस."

मी मदत मागायला म्हणून त्या घरात गेले होते, आणि माझ्याही नकळत कोणाची तरी मागणी पुरी करायला पाठवली गेले होते. देव कोणाच्या बाजूचा, हे मला अजून माहीत नाही. पण त्या दुपारी त्यानं एका एकटीला दुसऱ्या एकटीच्या दारात नेऊन सोडलं, आणि त्यासाठी आम्हां दोघींपैकी कोणालाही काही समजायची गरज पडली नाही. जे हातातून सुटलं असं मला वाटत होतं, ते कधी माझ्या हातात नव्हतंच. हे कळल्यावर रडू आलं, पण त्या रडण्यात तक्रार नव्हती. मी पियानोपाशी बसले, सूर धरला, आणि राहिलेली लदीन आम्ही पूर्ण केली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या आळीत, तुमच्या मजल्यावर, कोणीतरी संध्याकाळी एकट्यानं प्रार्थना म्हणत असेल. लदीन असेल, आरती असेल, नमाज असेल, नुसती माळ असेल. तुम्ही ती भिंतीपलीकडून ऐकली असेल. आज दिवेलागणीला त्या दारावर टकटक करा, आत जाऊन बसा, आणि येत असेल तर उत्तर द्या. येत नसेल तर नुसते बसा. पण आज जा.