आत्या कुठल्या घरची

मी शिकलो ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. रत्नागिरीकडच्या गावातून बारावी होऊन आलो, तेव्हा शहरात, खारीच्या वस्तीतल्या आपल्या एका खोलीच्या घरात तिनं मला ठेवून घेतलं. ती स्वतः सातवी शिकलेली. पोळी-भाजी केंद्रात कणीक मळायला जायची, अजूनही जाते. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे प्रत्येक फॉर्म माझ्याकडेच येतो.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. हॉस्पिटलचा फॉर्मही मीच भरला. घराण्यात हा आजार कुणाला होता का, या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं. अगदी विचार करून लिहिलं. आजी आठवली, मावश्या आठवल्या, सगळ्या धडधाकट. वडिलांची बहीण, आमची आत्या, चाळिशीच्या आत छातीतल्या गाठीच्या आजारानं गेली होती. पण लग्न झालेली मुलगी आमच्याकडे दिल्या घरची. तिचं सुतकसुद्धा आम्ही तीनच दिवस पाळलं होतं. शिवाय बायकांचा आजार बापाकडून येऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गाठ तेवढी काढायची आणि मग रेडिएशन द्यायचं, असं ठरत आलं होतं. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईला गप्पांच्या ओघात माहेरचं विचारलं आणि तिनं आत्याचं सगळं सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या. रक्ततपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन थांबवून केमो सुरू केला. वडिलांकडून आलेला जनुकाचा दोष निघाला.

बाहेर बाकावर ताई म्हणाली, “पंधरावी शिकलास आणि आत्या विसरलास? कडेवर घेऊन फिरायची रे तुला.”



मग डॉक्टरीणबाईंनी नव्याने समजावलं. नुसती गाठ काढता येईल, पण रेडिएशन लागेल आणि दोन्ही स्तनांची दरवर्षी एमआरआयसकट तपासणी. किंवा दोन्ही स्तन काढायचे. त्यानं नवा कॅन्सर होण्याची भीती बरीच कमी होते, मात्र आत्ताच्या आजाराचे उपचार चुकत नाहीत. याच दोषानं तिथंही कॅन्सर होऊ शकतो म्हणून अंडाशयं काढावीत, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. ते ताईनं लगेच मान्य केलं. अडलं ते स्तनांवर.

मी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट खारीला जायचो आणि दोन्ही काढ म्हणून तिच्या मागे लागायचो. ऑपरेशननंतर हात वर उचलता आला नाही तर कणीक कशी मळू, असं ती विचारायची. व्यायामानं हात सुटतो, असं मी वाचलेलं सांगायचो. एकदा ती उशीला टेकून म्हणाली, “केमोनं दमवलंय तेवढं पुरे. तू आणखी दमवू नकोस.” नंतर तिनं माझे फोन घेणं बंद केलं. सोमवारी डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी मी हे पत्र भावोजींच्या हाती दिलं.

“ताई,

समोर बसलो की मी शिकवायला लागतो, म्हणून लिहितोय. चूक माझी होती. ती निस्तरायची घाई मला झाली आणि मी ती तुझ्या अंगावर निस्तरायला निघालो. मला दोन्ही काढलेले हवेत, कारण मला भीती वाटते. ती माझी भीती आहे, तुझं कारण नव्हे.

बाईंना मी परत भेटलो. नुसती गाठ काढली तरी तुझा निर्णय चुकीचा ठरणार नाही, फक्त तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. पुढे मन बदललं तर तेव्हाही दोन्ही काढता येतात. हे मी तुला सांगितलं नव्हतं, मुद्दाम.

मीही रक्त तपासायला दिलंय. दोष माझ्यात असेल तर माझ्या पोरीला मोठी झाल्यावर सांगावं लागेल. कसं सांगायचं ते मला येत नाही, तू जवळ लागशील.

सोमवारी तू एकटी आत जा. मी बाहेर बसेन. काय ठरलं ते तुला वाटेल तेव्हा सांग.

तुझा भाऊ”