जांभळी कपाटं

मी लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे कॉम्प्युटरवर काढून देते. माझा जुना लॅपटॉप इतका थकला होता, की एक ओटा रंगवून दाखवेपर्यंत माझी भाजी शिजून व्हायची. नवा घ्यायचं ठरलं आणि सासऱ्यांनी त्यात लक्ष घातलं.

सासरे निवृत्त शिक्षक. लॅपटॉपला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. पण सकाळी फिरायला जाताना कुणीतरी त्यांना सांगितलं, की नवीन ग्राफिक्स कार्ड येतंय.

"आत्ता घेशील तर जुनं गळ्यात पडेल. थांब थोडं," ते म्हणाले.

मी थांबले. ते कार्ड आलं, तोवर त्यांना त्याच्याही पुढचं येणार असल्याचा सुगावा लागला. दूधवाल्याशीसुद्धा ते त्या कार्डाबद्दल होणाऱ्या जावयाबद्दल बोलावं तशा कौतुकानं बोलायचे.

"पण ते असतं तरी काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"ताकदवान असतं," म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मग एक दिवस मलकपेठच्या एक बाई आराखडा बघायला घरी आल्या. मी त्यांना हिरवी कपाटं दाखवत होते, तेवढ्यात स्क्रीन थरथरली. कपाटं जांभळी झाली, फ्रिज छताला जाऊन चिकटला. मी माफी मागणार, तोच बाई ओरडल्या, "येइच! येइच रंग होना मेरेकू!"

"पन फ्रिज ऊपर चढ गया ना," मी म्हटलं.

"उसकू उतारो. रंग कू हात नक्को लगाओ."

लॅपटॉपनं एवढं ऐकलं आणि कायमचे डोळे मिटले.

सासऱ्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून माझ्याबरोबर आबिड्सच्या बाजारात आले. आधी बाईंच्या त्या जांभळ्या रंगासाठी सनमायकाच्या दुकानांत हिंडलो. "वांग्याहून फिकं, पण जरा चिडलेलं," असं ते प्रत्येक दुकानदाराला वर्णन करून सांगत होते. चौथ्या दुकानात तो रंग सापडलाच! बाईंना फोटो पाठवला. त्यांनी नुसते बदाम पाठवले.

मग लॅपटॉपच्या दुकानात शिरलो. "आज जो है वोइच देओ," सासरे म्हणाले. दुकानदारानं खोकं बांधलं, पिशवीत घातलं आणि भल्या मनानं सांगितलं, "चाचा, अगले हफ्ते इससे भी अच्छा आरा."

सासऱ्यांनी एका हातानं पिशवी उचलली, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. "चल लवकर. ऐकू नकोस," म्हणत त्यांनी मला ओढतच दुकानाच्या पायऱ्या उतरवल्या.