रेस्टच्या दिवशीची बाटली

मी मालगाडीचा ड्रायव्हर होतो. वीस वर्षं दौंडच्या रेल्वे कॉलनीत काढली. इंजिनावर चढण्याआधी आम्हाला नळीत फुंकर मारावी लागते. यंत्रानं दारू दाखवली की नोकरीच धोक्यात. म्हणून मी ड्युटीच्या दिवसांत थेंबाला शिवत नसे. रेस्ट मिळाली की मात्र एकाच बैठकीत सगळी भरपाई करायचो. बायको बोलली की माझं उत्तर ठरलेलं, "मी काय बेवडा हाय का? बेवड्याला रोज लागती."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मांडवगणला मेहुण्याच्या मळ्यात जेवण होतं. अकराला बसलो. मटण शिजेपर्यंत एक अख्खी बाटली मी एकट्यानं संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत काहीतरी उलटंपालटं व्हायला लागलं. एक ठोका पडायचा, पुढचा हरवायचा, मग तीन-चार एकदम धडकायचे. बायकोनं मला रिक्षात घालून दौंडातल्या एका डॉक्टरांकडं नेलं.

ईसीजीची पट्टी बघत त्यांनी विचारलं, "एका वेळी किती घेता?"

"दोन-चार पेग."

"बाटली," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. "हृदयाला वार कळत नाही. सहा दिवस कोरडे राहिलात म्हणून सातव्या दिवसाचं ते माफ करत नाही. एकदम एवढी ओतली की त्याची लय सुटते. त्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडं गेली, तर अर्धं अंग जाईल. रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर इंजिनावर चढू नका."

बाहेर येताच मी बायकोला बजावलं, "हे कुणाला सांगायचं न्हाई." सांगितलं की हातचं इंजिन सुटणार, एवढंच मला दिसत होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी संध्याकाळपर्यंत ठोके जागेवर आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नळीत फुंकर मारली. यंत्रानं शून्य दाखवलं. सही केली आणि गाडी घेऊन निघालो.

भीमेचा पूल ओलांडला आणि छातीत पुन्हा तेच सुरू झालं. मागं पन्नासच्या वर डबे, पुढं हिरवा सिग्नल. शेजारी असिस्टंट सिग्नल पुकारत होता. त्याला उत्तर देताना शब्दाशब्दाला दम लागत होता. गाडी थांबवली तर कारण सांगावं लागणार, न थांबवता मध्येच कोसळलो तर काय होईल, ते मनात आणवत नव्हतं. उतरून पळावंसं वाटलं. पण पळणार कुठं? छाती तर बरोबरच येणार होती.

"मामा, चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा," असिस्टंट म्हणाला. "बरं वाटत न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणालो. तो शब्द तोंडातून निघायला फार वेळ लागला. "स्टेशन मास्तरला कळव. पुढच्या स्टेशनात गाडी उभी करतो. मला आता पुढं नेता यायची न्हाई."

रेल्वेच्या डॉक्टरांपुढं सगळं सांगितलं, बाटलीसकट. इंजिन सुटलं ते सुटलंच. आता मी ऑफिसात कागद बघतो. त्यानंतर दारू घेतलेली नाही, पण गोळ्या चालू आहेत आणि महिना-दोन महिन्यांनी ठोका चुकतोच. तो चुकतोय का, हे बघायला मी दिवसातून कितीदा तरी मनगट चाचपतो. जेवताना, बोलताना, लग्नाच्या मांडवातसुद्धा. बायको नुसता माझा हात धरून खाली ठेवते.