अपडेट सुरूच आहे

ताईचं बोलणं बंद झाल्याला सात महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती अकोल्याला असते, मी अमरावतीला. अर्धांगवायूच्या झटक्यात तिचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की यांना ऐकू येतं, कळतं, आठवतं, शब्दसुद्धा आत तयार होतात, फक्त तोंडातून बाहेर निघत नाहीत. आम्ही गंभीर चेहऱ्याने माना डोलावल्या. घरी आल्यावर महिन्याभरात सगळे ते विसरलो.

विसरलो असं कुणी कबूल केलं नसतं. पण भेटायला आलेला माणूस तिच्यासमोर बसून भाऊजींना विचारायचा, "जेवते का बरोबर?" आणि भाऊजी सांगायचे, "जेवते, पण चव कळते की नाई, कोणास ठाऊक." ती दोघांच्या मधे बसलेली असायची. इतरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, मीही तेच करत होतो. फोन केला की भाऊजींना पहिला प्रश्न, "ताई कशी हाय?"

भाऊजींचं फुलांचं दुकान आहे. आमचं मूळ घर चांदूर बाजारकडचं, वांगी, मेथी, झेंडू पिकवणारं, त्यामुळे लग्नानंतर ताई त्या दुकानात सहज रुळली. हार तीच गुंफायची. गिऱ्हाइकाशी बोलत, भाव करत, हाताकडे न बघता. आता भाऊजी सकाळी दुकानात जायचे, एक बाई स्वयंपाक करून जायची, आणि ताई टीव्हीसमोर बसून राहायची. टीव्ही चालू आहे की बंद, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. मला ते बघवत नसे.

गेमची कल्पना माझी. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने गेम खेळावा याला घरात सगळे हसले, बायकोने तर "आता दफ्तर घेऊन शाळेतही जा" म्हणून टोमणा मारला. पण वर्गातल्या मुलींकडून मला कळलं होतं, की शेतीचा एक गेम आहे आणि त्यात दोन गावांतली दोन माणसं एकाच शेतात काम करू शकतात. मी जुना कॉम्प्युटर घेतला, अकोल्याला नेला, ताईच्या डाव्या हाताखाली माउस ठेवला. संध्याकाळी सहाला ती तिकडून यायची, मी इकडून.

पहिले चार दिवस ती नुसती कुंपणाला धडकत होती. पाचव्या दिवशी तिने गाजराची एक ओळ पेरली. मग मी वांग्याची रोपं लावली, तर तिने येऊन ती सगळी उपटून टाकली आणि दोन-दोन हातांचं अंतर सोडून पुन्हा लावली. दाट लावली म्हणून माझ्यावर उखडली होती ती. लहानपणी आमच्या वाफ्यात याच कारणासाठी तिने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. मी पडद्यासमोर बसून हसलो, आणि मग मला रडू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी भांडली होती.

त्या शेताच्या कडेला नदी होती आणि काठावर एक मोडकी नाव. लाकूड जमवून ती दुरुस्त केली की पलीकडच्या बेटावर जाता यायचं. आमचं लाकूड जमत आलं होतं. अशात एका सोमवारी मी सहाला शेतात गेलो, तर ताई आलीच नाही.

भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "भाऊ, ते गोल गोल फिरून राह्यलं नुसतं. अपडेट अपडेट म्हणते अन् बंद होते." गेम सुरू व्हायच्या आधी एक छोटी खिडकी उघडते, तिला लाँचर म्हणतात. नवीन काही आलं असेल तर ते ती आधी उतरवून घेते आणि मग गेमचं दार उघडते. ताईच्या कॉम्प्युटरवर ती खिडकी उघडायची, निळी पट्टी शेवटपर्यंत भरायची, खिडकी मिटायची, आणि पुन्हा उघडून पट्टी पहिल्यापासून भरायला लागायची. दिवसभर चालू ठेवलं तरी हेच. माझ्याकडे मात्र तोच गेम मुकाट सुरू होत होता.

आठवडाभर मी फोनवरून उपाय सांगितले. बंद करून चालू करा. तारीख-वेळ बघा. मोबाइलचं नेट जोडून बघा. भाऊजी बिचारे दुकानातून दमून आलेले, त्यांना माउसची उजवी कळ कोणती इथपासून सांगावं लागे. आणि मागे ताई बसलेली असायची. माझा आवाज चढायचा. "तिनं काही दाबलं असन," मी म्हणायचो. "तिले म्हणा, हात नोको लावू." भाऊजी फोन कानाला लावूनच तिला सांगायचे, "हात नोको लावू, भाऊ चिडून राह्यला."

रविवारी मी बस पकडून अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने, त्यामुळे पोचेतो डोकं तापलेलंच होतं. गेल्या गेल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. अँटिव्हायरस बंद केला, लाँचरच्या जुन्या तात्पुरत्या फायली पुसल्या, तो काढून पुन्हा टाकला. प्रत्येक वेळी निळी पट्टी भरायची आणि प्रत्येक वेळी खिडकी मिटायची. ताई शेजारी खुर्चीवर बसली होती. मधेच ती पडद्यावर बोट टेकवायची, खिडकी मिटायच्या नेमक्या क्षणी, खालच्या कोपऱ्यात. मला तिथे काही दिसत नव्हतं. मी तिचा हात बाजूला करायचो.

चौथ्या वेळी तिने वही ओढली. डाव्या हाताने एक शब्द लिहायला तिला मिनिट-दोन मिनिटं लागायची आणि कपाळावर घाम यायचा, म्हणून ती क्वचितच लिहायची. वाकड्या, मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं: नाव.

"हो, नाव दुरुस्त करू," मी म्हणालो. "आधी गेम तर उघडू दे."

तिने नाही म्हणून मान हलवली. पेन्सिलीने त्या शब्दाखाली रेघ ओढली, पुन्हा पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ताई, मी कायसाठी आलो, अन् तू काय घेऊन बसली! इथं लाँचर उघडून नाई राह्यलं अन् तुले नावेची पडली. तुले समजत नाई का काही?"

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या, तिच्या नाई येत ध्यानात." ताईने पेन्सिल खाली ठेवली, वही मिटली आणि खुर्चीवरून उठून टीव्हीसमोर जाऊन बसली. टीव्ही बंद होता. मी निघताना पाया पडलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावत होतो, की आजारी माणूस आहे, विसरेल उद्या.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. तिथे बसणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. सगळं ऐकून तिने एकच गोष्ट विचारली.

"सर, कॉम्प्युटरवर नाव कोणत्या अक्षरात टाकलं हाय?"

"कोणतं नाव?"

"वापरणाऱ्याचं. सुरू केला की पडद्यावर येते ना, ते. मराठीत टाकलं असन तर नवीन अपडेट आल्यापासून काही काही लाँचर गडबडते. त्या नावाचा फोल्डर असते, त्यात त्याले फाइल ठेवता येत नाई. मग परत पहिल्यापासून."

मी उभा होतो, शेजारचं स्टूल ओढून बसलो. कॉम्प्युटर घेतला तेव्हा विकणाऱ्याने इंग्रजीत नाव टाकायला घेतलं होतं आणि मीच त्याला अडवलं होतं. माझी सही मराठीत, माझे चेक मराठीत. पाटीवर इंग्रजी दिसलं की दुकानदाराशी हुज्जत घालणारा मी. माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर तिला मराठीत हाक मारेल, असं मी त्याला ऐकवलं होतं आणि स्वतः बसून टाइप केलं होतं: ताई. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र आधीपासूनचं इंग्रजी नाव तसंच राहून गेलं होतं. ताईने काहीही दाबलेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं, आणि फार कौतुकाने केलं होतं.

"खिडकी मिटता मिटता खालच्या कोपऱ्यात एक ओळ येऊन जाते, सर," मुलगी म्हणाली. "त्यात नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असते. पण ते लवकर जाते, कोणाच्या ध्यानात नाई येत."

ध्यानात आलं होतं. आठ दिवस जी बाई त्या खिडकीसमोर बसून होती, तिच्या आलं होतं. पट्टी भरते आहे, मिटते आहे, आणि दर वेळी क्षणभर आपल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसताहेत, हे तिने पाहिलं होतं. मला ते तिने बोटाने दाखवलं, लिहून दिलं, खाली रेघ ओढली. नाव म्हणजे नाव, माणसाचं नाव. मी तीस वर्षं मराठी शिकवतो. एका शब्दाचे दोन अर्थ परीक्षेत विचारतो आणि चुकलं की गुण कापतो. माझी मला इतकी लाज क्वचित वाटली असेल.

उपाय फोनवर सांगता आला असता. तरी बुधवारी रजा टाकून मी सकाळच्या बसने अकोल्याला गेलो. भाऊजी दुकानात निघायच्या बेतात होते, मला बघून थांबले. ताई टीव्हीसमोर होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"ताई, तुहं बरोबर होतं. नावच होतं ते. मी होडी समजलो."

तिने माझ्याकडे बघितलं.

"मलेच नाई समजलं. तुले सारं समजत होतं. चुकलं माह्यं."

मग तिने डावा हात पुढे केला. मला वाटलं डोक्यावर ठेवेल. तिने माझ्या खांद्यावर जोर दिला, उठली, आणि कॉम्प्युटरकडे चालायला लागली.

काम सोपं होतं. दुसरं खातं उघडायचं, इंग्रजी अक्षरांतलं, आणि जुन्या फोल्डरमधलं आमचं शेत उचलून तिथे ठेवायचं. मी खातं उघडायला घेतलं. पडद्यावर रिकामी चौकट आली. नाव टाका. माझी बोटं इंग्रजीत ताई लिहायला निघाली होती. मग मी थांबलो. ताई ती माझी आहे. भाऊजींची ती ताई नाही. तिची स्वतःची तर नाहीच नाही.

"काय नाव टाकू?" मी तिला विचारलं.

मागून भाऊजी म्हणाले, "टाका ना काही पण. तिले कायले तरास देता?"

"तीच सांगन. थांबा."

तिने वही घेतली. पेन्सिल बोटांत बसेपर्यंत वेळ गेला. पहिली रेघ भलतीकडेच गेली, तिने ती खोडली. मी मदतीला हात पुढे नेला आणि मागे घेतला. बाहेर कोणीतरी भाऊजींना हाक मारत होतं, दुकानाची फुलं आली होती वाटतं, पण तेही हलले नाहीत. ताईने लिहिणं संपवलं, वही माझ्याकडे फिरवली आणि दम घेतला. मी वाचलं.

"काय लिवलं तिनं?" भाऊजींनी मला विचारलं.

"तिलेच इचारा."

ते क्षणभर गोंधळले. मग चष्मा नाकावर चढवत पुढे आले, सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या अगदी समोर वाकले आणि म्हणाले, "काय वं? काय लिवलं?"

तिने वही त्यांच्यापुढे धरली. एकच अक्षर होतं, वेलांटी ओळीच्या बाहेर गेलेली. भाऊजींनी ते मोठ्याने वाचलं.

"मी."

मी इंग्रजीतली दोन अक्षरं त्या चौकटीत टाकली आणि पुढे जायची कळ तिला दाबू दिली.