राधाकाकीचा होकार

आमच्या राधाकाकीने देवासमोर आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. घरात मात्र ती प्रत्येक गोष्टीला आधी नाहीच म्हणते, आणि तेही शिवी घालून. मासे विकायला येणारी बाई तिच्या पायरीवर टोपली उतरवण्याआधी दोनदा विचार करते.

देवासमोरचा होकार तिला लग्नातच मिळाला. तिचा नवरा, म्हणजे माझे दाजीकाका, आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालतात. जत्रेच्या दिवशी देवळात उभं राहून एकेका घराच्या वतीने देवाला सगळं सांगायचं. कुणाचा मुलगा बोटीवर आहे, कुणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कुठल्या घराचा कुठला नवस राहून गेलाय. एकूण एकोणीस घरं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. ऐकत कुणीच नसतं. अर्धी वाडी मोबाइल बघत व्हय म्हणते, मीही त्यातलीच. काका घरी सराव करतात तेव्हा हे व्हय म्हणायचं काम काकीकडे. चाळीस वर्षं ती स्वयंपाकघरातून, नारळ खवता खवता, ओरडून व्हय म्हणते आहे.

मी प्राजक्ता, त्यांची पुतणी. शेजारी राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. जत्रेला आठ दिवस होते तेव्हा काका मोबाइल घेऊन आले. अकरा वर्षांची गाऱ्हाणी त्यांनी त्यात रेकॉर्ड करून ठेवली होती, आणि मोबाइल भरला होता. “ही सगळी घराप्रमाणे लावून दी गो,” म्हणाले. मी रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर घेतली आणि मोबाइल रिकामा केला. प्रत ठेवली नाही. कंपनीत याच विषयावर मी नव्या पोरांना तासभर भाषण देते.

माझ्या लॅपटॉपवर एक एआय आहे. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. तो त्याची कमांड लिहून दाखवतो, ‘चालवू का?’ विचारतो, आणि हो म्हटलं की चालवतो. हे ऐकून काका खूश झाले. “देवाक मीच सांगतंय, ह्याका पण मीच सांगतलंय.” लॅपटॉप त्यांच्या ओटीवर मांडला. त्यांना बटणं सापडेनात, म्हणून मी माइक लावला आणि बोललेलं आपोआप पोचेल अशी सोय केली. काकांनी टोपी नीट केली आणि लॅपटॉपसमोर हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ही जी काय एकोणीस घरांची गाऱ्हाणी आसत, ती घराप्रमाणे लाव!”

“व्हय म्हाराजा!” आतून काकी.

“ज्येच्यार ज्या घराचा नाव आसात, ता त्या घरात ठेव!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्येच्यात जा काय वायट-वाकडा, नडीचा आसात, ता मुळासकट दूर कर रे म्हाराजा!”

पडद्यावर कमांड आली. घराचं नाव असलेली रेकॉर्डिंगं त्या त्या फोल्डरात टाकायची, उरलेली कायमची पुसायची. मोबाइलने प्रत्येक रेकॉर्डिंगला फक्त तारीख दिली होती. घराचं नाव एकावरही नव्हतं. ‘चालवू का?’ मी ओरडले, “काका, थांबा!” पण काकी इतका वेळ मांजराला हाकलत होती. शेवटच्या वाक्याचा होकार तिच्याकडे राहिला होता, तो तिने आता खणखणीत दिला, आणि माइकने तो एआयला पोचवला.

अकरा वर्षं डोळ्यांदेखत गेली. दोन दिवस मी खटपट केली, काही परत आलं नाही. तसं सांगायला गेले तेव्हा काका ओटीवरच बसले होते.

“माका आता आठवणा नाय, गो,” ते हळू म्हणाले. “गेली दोन वर्सा ह्या ऐकानच पाठ करतंय. कोणाक सांगू नको.”

मला रडू आलं. स्वतःच्या हुशारीची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काकी बाहेर आली. आधी लॅपटॉपला शिव्या घातल्या, मग मला, मग काकांना. मग पदराला हात पुसत विचारलं, “खंयच्या घरापासून इसारलात?”

ती तिथेच बसली आणि पहिल्या घरापासून सुरू झाली. नावं, नवस, रुसलेले पूर्वज, सगळं क्रमाने, एकोणीसच्या एकोणीस.

“काकी, तुका ह्या कसा येता?”

“चाळीस वर्सा व्हय म्हणतंय. काय म्हणतत ता ऐकल्याशिवाय व्हय म्हणीन मी?”

“आणि परवा?”

“ता मी ह्यांका म्हटलंय. तुझ्या त्या डब्याक कोणी विचारल्यान होता?”

तिचा आवाज मी रेकॉर्ड केला आणि तीन ठिकाणी ठेवला. उरलेले दिवस काका तो ऐकत पाठ करत होते.

जत्रेला तेरा घरं नीट झाली. चौदाव्याला काका थांबले. पुढचं आठवेना. ते घर किशोरीचं, हे मला माहीत होतं, पण ते मोठ्याने सांगायचं धाडस मला झालं नाही. आमच्याकडे बाया खांबांच्या मागे उभ्या राहतात आणि गाऱ्हाणं पुरुषच घालतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही कुणी नाही.

“बा देवा म्हाराजा!” खांबामागून काकीचा आवाज आला. “किशोरीचो झील बोटीवर आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मोबाइलमधून मान वर न काढता अख्खी वाडी म्हणाली.

मग माना वर आल्या. मानकरी समर्थ गावकर कोण बोललं ते बघायला मागे वळले, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण व्हय त्यांनीही म्हटलं होतं. एकदा म्हटलेलं व्हय मागे घेता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

काका वळले. त्यांचे डोळे भरले होते. सगळ्यांसमोर, लपवाछपवी न करता, त्यांनी विचारलं, “फुडला घर सांग गो.”

काकीने सांगितलं. या वेळी पहिलं व्हय काकांचं होतं.